स्वस्त माल आणि उभ्याने राबणारी पोरे



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा आणि हुमणी यांबद्दल लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे, पण आपल्या घरातलाच आहे.

मागच्या महिन्यात शहापूर तालुक्यात खर्डीला, आमच्या सासुरवाडीस जाणे झाले. तिकडे आपल्यासारखा ऊस नाही. भात, नागली आणि कसारा लोकल यांवर गाव चालते. पोरंसोरं पहाटेच्या गाडीने कल्याण-ठाण्याकडे, नाहीतर भिवंडी-पडघ्याच्या गोदामांत कामाला जातात. आमच्या मेहुण्याचा मुलगा एका मोठ्या स्वस्त मालाच्या दुकानात फळ्यांवर माल लावतो. दिवसभर उभे राहायचे, रात्री मोजदाद करायची आणि मिळेल ती लोकल पकडायची. मालक कोण, असे विचारले तर म्हणाला, "मामा, दुकान एकाचं, पगार ठेकेदाराचा. ठेकेदार बदलला की नोकरी पुन्हा पहिल्यापासून." हातात नेमणुकीचा कागद नाही, जादा तासांचा हिशेब नाही. दुकानाचे नाव घेण्याचे इथे कारण नाही.

स्वस्त विकणे हे पाप नव्हे. डी-मार्टने 2002 साली पवईत पहिले दुकान काढले. घाऊक खरेदी, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करणे आणि भाड्याऐवजी शक्यतो स्वतःची इमारत, यांवर त्यांनी भाव खाली आणले. हा व्यवहारातला शहाणपणा आहे. तो आपणही शिकावा. त्याच्याही आधी, 1948 साली, मुंबईत नायगावच्या कामगारांनी सहकारातून अपना बाजार उभा केला. तिथेही माल रास्त भावाचाच होता.

प्रश्न एवढाच की उरलेली स्वस्ताई येते कुठून? डी-मार्टच्याच वार्षिक अहवालांत कायम नोकरांपेक्षा कंत्राटी माणसे कित्येक पटींनी जास्त दिसतात. कंत्राट बेकायदा नाही. पण कंत्राटाच्या आडोशाने हक्काचा पैसा बुडता कामा नये. श्रीमंत अमेरिकेतसुद्धा 2020 च्या एका सरकारी अहवालात असे दिसले, की वॉलमार्टसारख्या बड्या दुकानांतल्या अनेक नोकरांना सरकारी अन्नमदतीवर पोट भरावे लागते. म्हणजे दुकानातला माल स्वस्त, आणि त्याची तूट सरकारी तिजोरीतून भरलेली!

आपल्याकडे कायदा आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याचे काम 48 तासांचे आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते. त्याची जागा घेणाऱ्या, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या संहितेतही ते कायम आहे. नेमणूकपत्र देणेही आता मालकावर बंधनकारक आहे. तुमची मुले-मुली अशा दुकानात असतील तर आजच विचारा: नेमणूकपत्र आहे का? पगाराची पावती मिळते का? प्रॉव्हिडंट फंड खात्यावर जमा होतो का?

पण बंधूंनो, दुसऱ्याच्या दुकानाकडे बोट दाखवताना आपला फडही पाहू या. उसाचे पैसे 14 दिवसांत मिळावेत म्हणून आपण 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशावर बोट ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. मग आपला ऊस तोडणाऱ्या कोयत्याचा हिशेब मात्र मुकादमाच्या वहीत का राहावा? नवरा-बायकोने किती टन तोडला, उचलीतून किती फिटली, हे त्यांना लिहून का मिळू नये? "आमचा संबंध मुकादमाशी" असे आपण म्हणतो. खर्डीच्या पोराला दुकानवालाही नेमके हेच सांगतो.

आमच्या मते या गळितापासून प्रत्येक कोयत्याला दर पंधरवड्याला वजनाचा आणि उचलीचा लेखी उतारा मिळावा. हा विषय सभासदांनी वार्षिक सभेत काढावा. शेतकी खात्याची माणसे लिहून द्यायला तयार आहेत.

खत न घालता खोडव्यामागून खोडवा घेतला की जमीन एक दिवस हात वर करते, हे तुम्हाला आम्ही नव्याने सांगायला नको. माणसाचेही तसेच आहे.