आमची मुलं कोणाच्या भारताची राजदूत?

परदेशी कुटुंबात वर्षभर राहून तिथल्या शाळेत शिकायला निघालेल्या मुलांना सांगितलं जातं, तू आता भारताचा राजदूत. मग राजदूताची बॅग भरली जाते. गणपतीची छोटी मूर्ती, रांगोळीचे रंग, कुर्ता, मसाल्याची पाकिटं. पहिल्याच आठवड्यात यजमानांना जेवण करून घालायचं, वर्गात भारतावर बोलायचं, योग आणि दिवाळीबद्दल कुणी विचारलं की हसून उत्तर द्यायचं. ज्या मुलीच्या घरी वर्षाचा सर्वांत मोठा सण १४ एप्रिल आहे आणि भिंतीवर बुद्ध-बाबासाहेब आहेत, तिनंही हीच बॅग उचलायची.

पहिले दिवस असतात जेवणाचे. अमेरिकेत अशा शाळकरी मुलांना घरात ठेवून घेणारी कुटुंबं त्याचे पैसे घेत नाहीत, हौसेनं बोलावतात. त्यामुळे घरची बाई फ्रिज उघडून आस्थेनंच विचारते, तुला काय चालतं? समोरच्या मुलीच्या आजोळी मोठ्याचं मटण शिजत आलेलं असतं. २०१५ साली महाराष्ट्रात गायीबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि ती गोष्ट दबक्या आवाजात बोलायची झाली. आता तो कायदा हजारो मैल मागे राहिलाय, तरी ती म्हणते, 'आम्ही भारतीय ते खात नाही.' ज्यांनी तिच्या आजीला गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांचं वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडतं. (न खाणारे बौद्धही भरपूर आहेत, त्यांनी तसं खुशाल सांगावं. माझा आक्षेप 'आम्ही भारतीय' या दोन शब्दांवर आहे.)

मग दुसरा प्रश्न येतो. प्राचीन भारत शिकताना तिथल्या मुलांनी जात हा शब्द वाचलेला असतो. त्या धड्यांतला जातीचा मजकूर सौम्य करावा म्हणून कॅलिफोर्नियात २००५-०६ मध्ये आणि पुन्हा २०१६ च्या सुमारास हिंदू संघटनांनी किती खटाटोप केला, ते जगजाहीर आहे. यजमानांचा मुलगा निरागसपणे विचारतो, तुझी जात कोणती? यावरचं तयार उत्तर आहे, 'ते पूर्वी होतं.' पूर्वी होतं, तर २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअ‍ॅटल शहराला जातीभेदाविरुद्ध कायदा का करावा लागला? त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसंच विधेयक मंजूर केलं आणि गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारलं, तेव्हा आनंद कोणाला झाला?

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यू यॉर्कला पोचले. युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यानं आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून टाकली होती, असं त्यांनी पुढे लिहिलं. १९१७ मध्ये बडोद्यात पारशी खानावळीत राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये हे सगळं त्यांनी सांगितलं ते परक्या माणसाला कळावं म्हणूनच. अस्पृश्यता आहे हे परदेशी माणूस ऐकून असतो, ती रोज कशी जाचते हे त्याला कळत नाही, म्हणून त्यांनी स्वतःवर आणि इतरांवर गुदरलेले प्रसंगच पुढे ठेवले. यजमानाशी बोलायची याहून चांगली तयारी कोणती? पण बॅगेत मूर्तीला जागा असते, या छोट्या पुस्तकाला नसते.

सरकारचीही तीच भीती आहे. २०२२ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल करून भारताची संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरचे विषय वगळले गेले. ही शिष्यवृत्ती प्रामुख्यानं अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. परदेशात जा, इंजिनिअरिंग शिका, पण आमच्या घरातलं तिथं बोलू नका!

कुणी म्हणेल, सोळा वर्षांच्या पोरीवर एवढं ओझं कशाला? मान्य. परक्या घरात पहिल्या आठवड्यात जात उघड करायची की नाही, हे तिचं तिनं ठरवावं. गप्प बसण्याचा तिला पूर्ण हक्क आहे, विशेषतः रविवारी भेटायला आलेलं तिथलं भारतीय कुटुंब नावानंतर लगेच आडनाव विचारतं तेव्हा. पण गप्प बसणं वेगळं आणि घोकून घेतलेलं खोटं बोलणं वेगळं. ते खोटं तिला कोण शिकवतं? मुलं निवडणाऱ्या मुलाखतीच्या टेबलापलीकडे कोण बसतं? यजमानांना पाठवायच्या पत्रात 'माझं घर' या मथळ्याखाली तिनं भीम जयंतीची मिरवणूक लिहिली, तर ती खोडून दिवाळी कोण लिहायला लावतं, ते आधी सांगा.