मागच्या आसातले विसरलेले ऑइल

दर रविवारी गाडी धुऊन-पुसून चकचकीत ठेवणारी मंडळी पुष्कळ असतात. चाकांतली हवा, बॅटरीतले पाणी, इंजिनातले ऑइल याकडेही त्यांचे बारीक लक्ष असते. मात्र 'मागच्या डिफरन्शियलमधले ऑइल शेवटचे कधी बदलले?' असे विचारले, तर बहुतेकजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. डोळ्यांआड असलेला हा लोखंडी गोळा वर्षानुवर्षे मुकाट्याने काम करतो. तक्रार करू लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

हा गोळा करतो काय?

गाडी वळते तेव्हा आतल्या बाजूचे चाक कमी अंतर कापते, बाहेरचे जास्त. समजा, गाडीने रस्त्यात पूर्ण उलटे वळण घेतले आणि आतले चाक ४ मीटर त्रिज्येच्या, तर बाहेरचे ५.४ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळात फिरले. आतले चाक साधारण साडेबारा मीटर जाईल, बाहेरचे सतरा मीटर. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडलेली असती, तर त्यातले एक दर वळणाला फरफटत गेले असते. हा फरक सांभाळून दोन्ही चाकांना ताकद पोचवणारी यंत्रणा म्हणजे डिफरन्शियल.

या गोळ्यात क्राउन आणि पिनियन ही दातेरी जोडी असते. बहुतेक गाड्यांत पिनियन क्राउनच्या मध्यापेक्षा खाली बसवलेले असते. या रचनेला 'हायपॉइड' म्हणतात. तिच्यामुळे गाडीचा लांब शाफ्ट खाली घेता येतो आणि दातेही मजबूत होतात. पण हे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली घासत सरकतात. साधे ऑइल या दाबात दात्यांमधून निसटून जाते. म्हणून येथे गंधक आणि फॉस्फरसयुक्त रसायने घातलेले खास गिअर ऑइल लागते. धातूवर रक्षक थर धरण्याचे काम ती रसायने करतात. या ऑइलला येणारा उग्र वास गंधकाचाच.

आधी आपली गाडी ओळखा

प्रत्येक मोटारीला मागचे डिफरन्शियल नसते. स्विफ्ट, वॅगन-आर, अल्टो यांसारख्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते आणि डिफरन्शियल गिअरबॉक्समध्येच सामावलेले असते. गिअरबॉक्सचे ऑइल बदलले की दोन्हींचे काम भागते. अशा गाडीच्या बिलात मागच्या डिफरन्शियलच्या ऑइलचे वेगळे पैसे लावलेले दिसले, तर अवश्य खुलासा मागावा.

याउलट बोलेरो, स्कॉर्पिओ, ईको, इनोव्हा क्रिस्टा, तसेच अजून रस्त्यावर दिसणाऱ्या ओम्नी, सुमो आणि अ‍ॅम्बॅसडर या गाड्यांची ताकद मागे जाते. या गाड्यांत मागून वाकून पाहिले की दोन चाकांच्या मधोमध आसावर फुगीर गोळा दिसतो. जिप्सीसारख्या चारही चाके चालवणाऱ्या गाडीत तो पुढेही असतो. तेव्हा तेथे दोन्हीकडचे ऑइल पाहावे.

कोणते ऑइल घ्यावे?

डब्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली दर्जाची. हायपॉइड डिफरन्शियलला सहसा 'जीएल-५' दर्जाचे ऑइल सांगितलेले असते. पुष्कळ गिअरबॉक्सना मात्र 'जीएल-४' चालते. 'पाच म्हणजे चारपेक्षा सरस' असे समजून एकच डबा दोन्हीकडे ओतू नये. जीएल-५ मधील जादा रसायनांमुळे काही गिअरबॉक्समधील पितळी कड्यांना इजा पोचू शकते, तर जीएल-४ हायपॉइड दात्यांना अपुरे पडते.

दुसरी गोष्ट दाटपणाची. '८०डब्ल्यू-९०' मधील डब्ल्यूमागचा आकडा थंडीतला, तर पुढचा आकडा तापलेल्या अवस्थेतला दाटपणा सांगतो. गिअर ऑइलचे आकडे इंजिन ऑइलच्या आकड्यांशी ताडून पाहू नयेत, कारण दोन्हींची मोजपट्टी निराळी आहे. ९० नंबरचे गिअर ऑइल जवळजवळ ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकेच दाट असते. नागपूर वा जयपूरच्या उन्हाळ्यात बरे वाटणारे '८५डब्ल्यू-१४०' लेहच्या हिवाळ्यात इतके घट्ट होईल की दात्यांपर्यंत पोचणारच नाही. तेथे '७५डब्ल्यू-९०' सोयीचे. तथापि अंतिम शब्द गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेचा. काही गाड्यांत चाक एकटेच गरगर फिरू नये म्हणून 'लिमिटेड स्लिप' प्रकारचे डिफरन्शियल असते. त्याला वेगळे मिश्रण लागते आणि तेही पुस्तिकेत दिलेले असते.

केव्हा बदलावे?

साधारणपणे ४०,००० किलोमीटरच्या आसपास बदलण्याचा प्रघात आहे. पण पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा. घाटातून नेहमी भरलेली धावणारी किंवा ट्रेलर ओढणारी गाडी असेल तर त्याआधीच बदललेले बरे. जुनी गाडी विकत घेतली असेल, तर मागच्या मालकाच्या शब्दावर विसंबू नये, एकदा बदलून टाकावे.

पावसाळ्याचा नियम मात्र वेगळा. तापलेला गोळा गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून किंवा 'ब्रीदर' या हवा जाण्याच्या छोट्या तोंडातून पाणी आत ओढले जाते. तुंबलेल्या रस्त्यातून वा ओढ्यातून गाडी काढली असेल, तर लवकरच ऑइल तपासून घ्यावे. दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग दिसला, की पाणी शिरले असे समजून ते ताबडतोब बदलावे.

ब्रीदर चिखलाने बुजला तर उलटा प्रकार होतो. आतली तापलेली हवा बाहेर पडू शकत नाही आणि ऑइल सीलमधून बाहेर ढकलले जाते. हे ऑइल चाकाच्या ड्रममध्ये उतरून ब्रेक लायनरवर पसरले, तर ऐन घाटात ब्रेक नीट लागणार नाहीत. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओघळ दिसला, तर लांबचा प्रवास टाळावा. येथे प्रश्न ऑइलचा राहत नाही, गाडीत बसलेल्या सगळ्यांच्या जिवाचा होतो.

काम कसे करून घ्यावे?

खड्डा किंवा लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये हे काम करून घ्यावे, कारण गाडी सपाट असल्याखेरीज पातळी कळत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. काम चालू असताना शेजारी उभे राहावे आणि पुढील क्रम पाळला जातो की नाही ते पाहावे.

गाडी थोडी चालवून आणावी, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट निघते. ते गरम असते, हे विसरू नये. आधी वरचा, म्हणजे ऑइल भरण्याचा प्लग सैल करून घ्यावा. खालून सगळे ऑइल काढल्यावर वरचा प्लग अडला, तर गाडी जागच्या जागी अडकून पडते. मग खालचा प्लग काढून ऑइल पूर्ण निथळू द्यावे. प्लगच्या चुंबकावर राखाडी, मेणासारखा लेप आढळला तर काळजी नको, ती नेहमीची झीज. टोचणारे तुकडे किंवा दात्याचा टवका सापडला, तर मात्र गोळा उघडूनच पाहावा लागेल.

काही ठिकाणी आतून रॉकेलने धुण्याची हौस असते. ती टाळावी, कारण आत उरलेले रॉकेल नव्या ऑइलला पातळ करते. खालचा प्लग नवा वॉशर घालून बसवावा आणि वरच्या भोकाच्या काठाशी ऑइल येऊन ओघळू लागेपर्यंत भरावे. कमी भरले तर दाते कोरडे पडतात, जास्त भरले तर सीलवर ताण येतो. शेवटी ब्रीदर साफ करून घ्यावा आणि दोन-तीन दिवसांनी गळती तपासावी.

काढलेले काळे ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू देऊ नये. ते फेरवापरासाठी अधिकृतपणे गोळा करणाऱ्याकडेच जावे.

आवाजाकडे कान द्या

गाडी ठरावीक वेगाला मागून घूं-घूं करते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताच तो सूर बदलतो; गिअर टाकून निघताना मागे 'खट्' असा आवाज येतो; ही डिफरन्शियलची हाक असू शकते. रेडिओचा आवाज वाढवून ती दाबून टाकू नये. ऑइलला लागतात एक ते तीन लिटर आणि गॅरेजातला तासभर. क्राउन-पिनियन बदलायची पाळी आली तर खर्च त्याच्या अनेक पटींनी होतो, शिवाय गाडी कित्येक दिवस उभी. ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर डायरीत टिपून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारले तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.