पत्र्याखालचा वर्ग

आपल्या विदर्भात मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो. जिल्हा परिषदेच्या पत्र्याच्या वर्गात दुपारी एकदा बसून बघा. पोरं फळ्याकडे बघतच नाहीत, वहीनं वारा घेत बसतात. आणि आपण म्हणतो, गुणवत्ता घसरली!

२०२५ ला पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिलदरम्यान घ्या म्हणून आदेश निघाला. तारखांवर रान उठलं, छताचा विषय मात्र मागेच राहिला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेची इमारत सर्व ऋतूंत वापरता येईल अशी हवी, असं स्पष्ट लिहिलंय. मग आपला उन्हाळा काय ऋतूत धरत नाहीत?

उपाय महागडे नाहीत. पत्र्यावर पांढरा चुना (पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो, पण खर्च किरकोळ), समोरासमोर खिडक्या, गरम हवा निघून जायला वर झरोके. पण निधी आला की आधी स्मार्ट टीव्ही! त्याचं उद्घाटन होतं, पेपरात फोटो येतो. चुन्याची फीत कोण कापणार?

शाळा व्यवस्थापन समितीत असाल तर याच महिन्याच्या सभेत छताचा विषय घ्या.