रस्ता कोणाच्या मालकीचा?

इतवारी हे नाव आठवडी बाजाराचे आहे. नागपुरातील बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी या वस्त्यांप्रमाणे ही वस्तीही पायी येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या आधाराने वाढली. सराफा ओळी, किराणा ओळी, भांडे ओळी यांची रुंदी बैलगाडीच्या आणि डोक्यावर ओझे घेतलेल्या माणसाच्या मापाची आहे. आज त्याच ओळींत टेम्पो, मोटारी आणि दुचाक्या शिरल्या आहेत. ज्याच्यासाठी बाजार वसला, त्यालाच शहीद चौकातून पलीकडे जाणे जिवावरचे झाले आहे.

रस्ता सुरक्षा सप्ताह आला की उपदेश होतो तो पादचाऱ्याला: दोन्ही बाजूंना पाहा, पट्ट्यांवरूनच चाला. उपदेश खोटा नाही, पण एकतर्फी आहे. 2017 च्या वाहनचालनविषयक नियमांनी खरी जबाबदारी चालकावर टाकली आहे. सिग्नल नसलेल्या पादचारी पट्ट्यांजवळ त्याने वेग कमी करावा, थांबावे आणि चालणाऱ्याला वाट द्यावी, असे ते नियम सांगतात. परंतु पट्टे आखलेच नसतील किंवा पुसले गेले असतील, तर हा नियम कागदावरच राहतो.

या उपेक्षेची किंमत आकड्यांत दिसते. 2023 साली देशात रस्ते अपघातांत सुमारे 1 लाख 73 हजार माणसे मृत्यू पावली. त्यांत 35 हजारांहून अधिक पादचारी होते, म्हणजे पाचातला एक. 2011 च्या जनगणनेनुसार शेतीबाहेरील कामगारांपैकी सुमारे 23 टक्के पायी कामावर जात होते, तर मोटारीने जाणारे 3 टक्केही नव्हते. रस्त्याची आखणी मात्र या 3 टक्क्यांच्या सोयीने होते.

म्हणून हा प्रश्न केवळ शिस्तीचा नाही, सार्वजनिक मालमत्तेच्या वाटपाचा आहे. रस्त्याकडेला उभी असलेली मोटार सुमारे 10 चौरस मीटर जागा बहुधा फुकट अडवते. तेवढ्या जागेत चार-पाच फेरीवाल्यांचा संसार चालतो. तरीही अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी येते ती हातगाडीवर. फेरीवाल्यांना 2014 च्या कायद्याने संरक्षण दिले आहे, तर पदपथाचा वापर हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सांगितले. श्रमजीवींचे हे दोन्ही हक्क परस्परविरोधी नाहीत. त्यांची झुंज लावून देणाऱ्यांना मोटारीची जागा चर्चेबाहेर ठेवायची असते.

वाहने अडविल्यास व्यापार बुडेल, असा आक्षेप घेतला जातो. माल उतरलाच पाहिजे. हमालाची मजुरीही त्यावर अवलंबून आहे. पण मालवाहू गाड्यांसाठी ठरावीक तास राखता येतात. गिऱ्हाईक तर या दुकानातून त्या दुकानात चालतच जाते. डिसेंबर 2022 मध्ये सीताबर्डी ते प्रजापतीनगर मेट्रो सुरू झाली आणि अग्रसेन चौक, चितार ओळी येथे स्थानके आली. गाडीतून उतरलेला प्रत्येक प्रवासी जिन्याच्या पायथ्याशी पादचारीच असतो. उन्नत मार्गासाठी पैसा उभा राहू शकतो, तर खालच्या पदपथासाठी का नाही?

पादचारी पूल हे यावरचे उत्तर नव्हे. डोक्यावर गाठोडे घेतलेली बाई आणि गुडघे दुखणारा वृद्ध जिने चढत नाहीत. ते जीव मुठीत धरून खालूनच जातात. सेकंदाला 1.2 मीटर ही चाल धरली, तर 18 मीटरचा रस्ता ओलांडायला 15 सेकंद लागतात. सेकंदाला 0.8 मीटर चालणाऱ्या वृद्धेला 22 सेकंदांहून अधिक लागतात. सिग्नलची वेळ तिच्या पायांवरून ठरली पाहिजे.

मागण्या साध्या आहेत. चौकाचौकांत ठळक पट्टे आणि उंचवटे असावेत. पदपथ किमान 1.8 मीटर मोकळा असावा. फेरीवाल्यांना आखीव जागा मिळावी आणि मोटार उभी करण्याचे शुल्क घेतले जावे. कार्यकर्त्यांनी घड्याळ आणि मोजपट्टी घेऊन प्रत्येक चौकाची नोंद करावी आणि हमाल, फेरीवाले व गिऱ्हाइके यांना बरोबर घेऊन ती महानगरपालिकेपुढे ठेवावी. पायी चालणारा रस्त्यावर कोणाच्या मेहरबानीने उभा नाही. रस्ता त्याचाही आहे.