लाच न घेणारा अन्याय

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या २०१४ च्या मराठी चित्रपटात न्यायाधीश लाच घेत नाहीत, तरीही वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे तुरुंगात खितपत पडतात. त्यांच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, हा आरोप. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता, हे विधवेच्या साक्षीत उघड होते; पण त्याला साधनांविना गटारात उतरवणाऱ्यांवर खटला होत नाही. दरम्यान उन्हाळी सुटीसाठी न्यायालय बंद होते.

हीच व्यवस्था किती वेगाने धावू शकते, हे सोलापूरला ठाऊक आहे. मे १९३० च्या उठावानंतर मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन यांना परकीय सरकारने आठ महिन्यांत, १२ जानेवारी १९३१ रोजी, येरवड्यात फाशी दिली. सत्तेला हवा तेव्हा निकाल तत्काळ लागतो. श्रमिकाच्या वाट्याला मात्र ‘तारीख’ येते. दर तारखेला यंत्रमाग कामगाराचा, विडी वळणाऱ्या स्त्रीचा रोज बुडतो. विलंब हा गरिबांवरील करच होय. भ्रष्ट न्यायाधीश हटवल्याने तो रद्द होणार नाही. त्यासाठी परवडणारा जामीन, मोफत वकील आणि मुदतीत निकाल यांकरिता संघटित लढाच उभारावा लागेल.