अनुक्रमणिकेचें तारतम्य

ज्यांनीं बालपणीं अमरकोश पाठ केला असेल, त्यांस ठाऊकच आहे कीं, त्यांतील शब्द अकारविल्हे नसून विषयवार वर्गांत लाविलेले आहेत. स्वर्गाचे पर्याय हवे असल्यास ते एके ठिकाणीं सांपडतात. परंतु एखादा अनोळखी शब्द कोठें आला आहे हें पाहूं गेल्यास सारा ग्रंथ चाळावा लागतो. म्हणूनच छापील आवृत्त्यांस अकारादि शब्दसूची जोडण्याचा प्रघात पडला. ग्रंथाची मांडणी एकच असते, विचारणाऱ्यांचे प्रश्न मात्र अनेक असतात.

हाच न्याय आमच्या परभणी जिल्ह्यांतील जमिनीच्या दप्तरास लागू आहे. निजामी अमदानींत पटवाऱ्यांनीं व पुढें तलाठ्यांनीं सांभाळलेल्या या दप्तरांत गांव नमुना सात हा गटवार असतो. अमुक गट कोणाचा, हें त्यावरून तत्काळ कळतें. परंतु अमक्या खातेदाराची गांवांत एकूण जमीन किती, हें काढावयाचें झाल्यास पहिल्या गटापासून शेवटच्या गटापर्यंत पानें उलटावीं लागतील. त्यासाठीं आठ-अ हा खातेवार नमुना आहे. मृगाच्या तोंडावर पीककर्जासाठीं बँकेंत जाणाऱ्या शेतकऱ्यास हे दोन्ही उतारे न्यावे लागतात.

आतां हें दप्तर संगणकांत गेलें आहे. महाभूलेखावर जिल्हा, तालुका व गांव निवडून गट नंबरानें, पहिल्या नांवानें, मधल्या नांवानें किंवा आडनांवानें सातबारा शोधतां येतो. परस्परांशीं जोडलेल्या कोष्टकांत माहिती ठेवण्याची कल्पना ई. एफ. कॉड यांनीं 1970 सालीं मांडली. अशा डेटाबेसांत शोधासाठीं जी सूची करितात, तीस इंडेक्स म्हणतात. दहा लक्ष नोंदींत सूची नसेल, तर दहा लक्षही तपासाव्या लागतात. क्रमवार सूची असेल, तर निम्मी निम्मी वगळीत सुमारें 20 पायऱ्यांत काम होतें. बायर व मॅक्राइट यांनीं 1972 सालीं प्रसिद्ध केलेल्या बी-ट्री रचनेंत एकेका पानावर शेंकडों खुणा मावत असल्यामुळें तीन-चार पानेंच उलटावीं लागतात.

मग सर्वच रकान्यांची सूची कां करूं नये? येथेंच तारतम्य लागतें.

समजा, एखादी सूची गांव, आडनांव, पहिलें नांव या क्रमानें केली. गांव व आडनांव सांगणाऱ्याचें काम तिनें चटकन् होईल. केवळ पहिलें नांव सांगणाऱ्यास तिचा उपयोग जवळजवळ शून्य. सूचींतील रकान्यांचा क्रम हा प्रश्नांच्या क्रमावरून ठरवावा. दुसरें असें कीं, जिल्ह्यांत तालुके 9च आहेत. नुसत्या तालुक्याची सूची केल्यास जिंतूर या एका नांवाखालीं इतक्या नोंदी येतील कीं, सारें कोष्टक सरळ वाचणेंच स्वस्त पडेल. गांवासह गट नंबर घेतला, तर मात्र हातीं नेमकें पान येतें. तिसरी गोष्ट खर्चाची. फेरफार मंजूर झाला म्हणजे सात व आठ-अ या दोहोंत त्याचा अंमल द्यावा लागतो. दहा सूच्या ठेवल्या, तर एका वारसाची नोंद करतांना त्या दहाही सांभाळणें आलें. शोध जलद होईल, पण नोंद रखडेल. आणि रखडलेल्या नोंदीची झळ ज्याचा बाप वारला आहे त्यालाच लागेल.

ज्यांचीं मुलें या धंद्यांत आहेत अशा आमच्या वाचकांनीं त्यांस एवढें अवश्य सांगावें: यंत्र मंदावलें म्हणजे मोठ्या यंत्राची मागणी करण्याची घाई करूं नये. आधीं लोक कोणते प्रश्न वारंवार विचारतात याची यादी करावी. मग यंत्रासच एक्स्प्लेन या आज्ञेनें विचारावें कीं, बाबा रे, हें उत्तर तूं कोणत्या वाटेनें काढतोस? सारें कोष्टक चाळल्याचें दिसलें, तर त्या प्रश्नापुरती सूची करावी, फरक मोजावा, आणि जी सूची कोणत्याच प्रश्नास उपयोगीं पडत नाहीं, ती निःसंकोच काढून टाकावी. पेरणीच्या दिवसांत तहसिलीच्या खिडकीशीं उभ्या असलेल्या माणसाचा वेळ त्यानें वांचेल, व सरकारी पैसाही.