नवी ग्रॅव्हल की जुनी माउंटन?



ऑक्टोबरात हवा जरा गार झाली की निशी-कासाईतल्या आपल्या लोकांत सायकलीचा विषय निघतोच, आणि मग हा प्रश्न ठरलेला: नवी ग्रॅव्हल बाइक घ्यावी, की कुणाच्या तरी 'सायोनारा सेल'मधली जुनी माउंटन बाइक उचलून तिला खाली वळलेलं ड्रॉप हँडल लावावं? बरी म्हणावी अशी नवी ग्रॅव्हल साधारण दीड-दोन लाख येनला जाते, जुनी दहा-पंधरा हजारांत मिळून जाते. गणित सोपं वाटतं, पण तसं ते नाही.

खरं तर दोघी एकाच घरच्या. साकाईच्या शिमानोने माउंटन बाइकसाठी डिओर एक्सटी काढलं १९८२ साली, आणि खास ग्रॅव्हलसाठी जीआरएक्स २०१९ मध्ये. माउंटन बाइकला ड्रॉप हँडल लावून जॉन टोमॅक १९९० सालीच शर्यती खेळला होता. जुन्या २६ इंची सायकलीत ५० मिमी रुंद टायर आरामात बसतो. कित्येक नव्या ग्रॅव्हलमध्ये तेवढी जागा नसते.

घोडं पेंड खातं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे लांबी. जुनी फ्रेम सपाट हँडलसाठी बनवलेली. ड्रॉप हँडल लावलं की हात सात-आठ सेंटिमीटर पुढे जातात आणि कंबर बोंबलायला लागते. दुसरं म्हणजे ब्रेक. शिमानोचे व्ही-ब्रेक १९९६ च्या सुमारास आले. त्यांना जास्त केबल ओढणारी लिव्हर लागते आणि रोड बाइकची लिव्हर तेवढी ओढत नाही. इथला कायदा सांगतो की दोन्ही चाकांना ब्रेक हवेत आणि ताशी १० किमी वेगात सायकल ३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. म्हणजे ब्रेकशी तडजोड नाही. मग मिनी-व्ही ब्रेक, नवे शिफ्टर, आखूड स्टेम, केबली, मजुरी... बघता बघता बिल पन्नास हजारांच्या पुढे, आणि सायकल बारा-तेरा किलोचीच!

आता चालवणार कुठे? आराकावाच्या काठचा रस्ता बहुतेक डांबरीच आहे. खडी-मातीचे रिंदो, म्हणजे जंगलातले रस्ते, बघायचे तर चिचिबू किंवा ओकुतामाकडे जायला हवं, आणि तिथलेही बरेच आता पक्के झालेत. तिथवर जायचं ट्रेनने, सायकल सुटी करून पिशवीत. जेआरचा नियम: पूर्ण सायकल पिशवीच्या आत, तिन्ही मापांची बेरीज २५० सेंमीपर्यंत, वजन ३० किलोपर्यंत. पण स्टेशनाचे जिने चढताना खरा प्रश्न ३० चा नसतो, १० की १३ चा असतो. महिन्यातून दोनदा असा बेत होणार असेल तर नवी ग्रॅव्हल घ्या, पैसे वसूल होतील. शाळा, भाजी आणि रविवारी नदीकाठ एवढंच असेल तर जुनी पुरे.

मात्र जुनी घेतलीत तर तिला सपाट हँडलच राहू द्या. गुळगुळीत टायर, नवी चेन, नवे ब्रेक पॅड, बस. हँडल ६० सेंमीच्या आत असेल तर जिथे परवानगी आहे तिथे फुटपाथवरूनही चालवता येते. नव्या माउंटन बाइकची हँडलं या मापात सहसा बसत नाहीत. शॉकअपवाला चिमटा तेल गाळत असेल तर ती सायकल घेऊच नका. आणि आधीच्या मालकाकडून बोहान तोरोकु, म्हणजे चोरीविरोधी नोंदणी, रद्द करून घ्या, शिवाय हस्तांतराचा कागद लिहून घ्या. १९९४ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. पोलिसाने रात्री थांबवून नंबर तपासला आणि नाव भलत्याचंच निघालं, तर तुटक्या जपानीत खुलासा करत बसावं लागतं.

शेवटी आपल्यासारख्यांचा हिशेब थोडा वेगळाच असतो. प्रोजेक्ट संपतो, कंपनी परत बोलावते, आणि महिन्याभरात घर रिकामं करावं लागतं. दोन लाखांची सायकल तेव्हा निम्म्यात जाते. पण 'परत जायचंच आहे' म्हणत दहा वर्षं ममाचारीवर काढलेले लोकही याच निशी-कासाईत आहेत. तेव्हा पुढच्या दोन वर्षांत किती रविवार मोकळे मिळणार ते कॅलेंडर उघडून मोजा, घरच्यांना विचारून मोजा. सायकल कोणती हे त्यातूनच ठरेल.